ब्लॉग कुठे थाटावा: स्वतःचं वर्डप्रेस की फुकटची जागा?

कानामात्रा
एका मैत्रिणीला झाडांवर लिहायचंय. चार-पाच वह्या भरतील इतक्या नोंदी आहेत, फोटो आहेत. "ब्लॉगर, वर्डप्रेस, मीडियम, सबस्टॅक, यातलं काय घेऊ?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) घे, होस्टिंग (साइट ठेवायला भाड्याची जागा) घे, त्यावर वर्डप्रेस टाक, बाकीच्यांकडे बघूही नकोस. तिला ते जरा उद्धट वाटलं. म्हणून कारणं इथे मांडतो, खोडून काढा.

स्वतःच्या वर्डप्रेसवरचं सगळं केव्हाही उचलून नेता येतं. दुसऱ्याच्या जागेत मात्र मालकाची मर्जी फिरली की बिऱ्हाड उचलावं लागतं. फुकट साइटी थाटू देणारं जिओसिटीज 2009 मध्ये गेलं. पोस्टरस आठवतंय का कुणाला? ईमेल पाठवली की पोस्ट तयार, इतकं सोपं होतं. 2012 मध्ये ट्विटरने विकत घेतलं आणि 2013 च्या एप्रिलअखेर कुलूप लावलं. बरं, हे फक्त फुकट्यांच्याच नशिबी असतं असंही नाही. टाइपपॅड 2003 पासून पैसे घेऊन चालत होतं. 2025 च्या सप्टेंबरअखेर तेही बंद झालं, सूचना जेमतेम महिनाभर आधी.

वर्डप्रेसचा तर जन्मच अशा पोरकेपणातून झालाय. बी2 नावाचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर होतं, त्याचं काम थंडावलं. पण कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता, म्हणून मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 मध्ये तोच उचलून पुढे नेला. उद्या वर्डप्रेसवाल्यांनी हात वर केले तरी हेच पुन्हा होऊ शकतं. गुगलने ब्लॉगर बंद केलं तर कोण काय उचलणार?

(वर्डप्रेस म्हणजे मी डॉट ऑर्गवरचं, आपण उतरवून घेतो ते म्हणतोय. डॉट कॉम ही मलनवेग यांच्या ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा, ती वेगळी. ही गल्लत दर वेळी होते.)

जुनी_वही
माझा ब्लॉग 2008 पासून ब्लॉगरवर आहे, त्यामुळे मी आरोपीच्या पिंजऱ्यातूनच बोलते.

माझ्या ब्लॉगच्या कडेला "आवर्जून वाचते" अशी यादी आहे. कित्येक वर्षांत तिला हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात बसून एकेक दुवा उघडून पाहिला. ब्लॉगरवरचे जवळजवळ सगळे उघडले. त्यातल्या एकीने शेवटचं 2011 मध्ये लिहिलंय, तरी तिचा ब्लॉग प्रतिक्रियांसकट तसाच उभा आहे. स्वतःचं डोमेन घेऊन ऐटीत वेगळे निघालेले मात्र बहुतेक गायब. कुठे कोरं पान, कुठे "हे डोमेन विकणे आहे". एका कवितेच्या ब्लॉगच्या पत्त्यावर आता ऑनलाइन जुगार चालतो. खोटं नाही सांगत, जुन्या लेखांचे मथळेही त्यांनी तसेच ठेवलेत.

तुमचं सगळं गणित मालक दगा देईल या भीतीवर आहे. पण माणूसच जास्त लवकर दगा देतो हो. कंटाळतो, आजारी पडतो, कार्डाची मुदत संपलेली लक्षात येत नाही, नूतनीकरणाची ईमेल स्पॅममध्ये पडून राहते. ब्लॉगर 1999 चं आहे, 2003 पासून गुगलकडे आहे. इतकी वर्षं सलग होस्टिंगचे पैसे भरणारे किती ब्लॉगलेखक तुम्हाला माहीत आहेत?

कानामात्रा
जुगाराचं वाचून कसंतरीच झालं. पण गुगलवर इतका विश्वास? 2013 मध्ये ब्लॉग वाचायचं गुगल रीडर बंद केलं, 2019 मध्ये गुगल प्लस. ज्यांनी ब्लॉगरवर गुगल प्लसच्या प्रतिक्रिया लावून घेतल्या होत्या, त्यांच्या प्रतिक्रियाही त्यात गेल्या. घर शाबूत, पण माणसं बोललेली सगळी पुसली.

जुनी_वही
मी लावल्या नव्हत्या. नवीन काही आलं की वर्षभर थांबायचं, हा माझा जुना नियम.

रात्रपाळी
सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे वर्डप्रेसबद्दल चार शब्द कडू बोलतो.

स्वतःचं वर्डप्रेस म्हणजे काय काय, ते मैत्रिणीला सांगितलंत का? पीएचपी, डेटाबेस, थीम, आणि संपर्काच्या फॉर्मपासून फोटो लहान करण्यापर्यंत प्रत्येक कामाला एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर. वर्डप्रेसचा गाभा 2013 पासून किरकोळ सुरक्षा अपडेट स्वतःच करून घेतो, तिथे फारसा त्रास नाही. भोकं पडतात ती प्लगइनमध्ये. एका ओळखीच्या बाईंचा ब्लॉग असाच फुटला होता. त्यांना पत्ताच नव्हता, कारण पत्ता टाकून साइट उघडली की सगळं नेहमीसारखं दिसायचं. सर्च इंजिनमधून येणाऱ्यांना मात्र गोळ्या-औषधांच्या जाहिराती दिसायच्या. एका वाचकाने कळवल्यावर उजेड पडला. आधीच्या तीन महिन्यांचे बॅकअपही किडलेले निघाले.

आणि वर्डप्रेसला मालक नाही, हे जरा जपून बोला. 2024 च्या सप्टेंबरमध्ये मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचं जुंपलं. त्या कंपनीकडे असलेल्या साइटींना डॉट ऑर्गवरून प्लगइनचे अपडेट मिळेनासे झाले. ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीचं ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे प्लगइन डॉट ऑर्गवर परस्पर नाव बदलून ताब्यात घेतलं गेलं. डिसेंबरमध्ये कोर्टाने हुकूम काढला तेव्हा कुठे पूर्ववत झालं. कोड खुला आहे, कबूल. पण ज्या कोठारातून सगळे दाणा उचलतात त्याची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, तेही बघा.

माझं मत: लेखांच्या ब्लॉगला डेटाबेस लागतच नाही. ह्यूगो घ्या किंवा जेकिल घ्या. प्रत्येक लेख म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, त्यातून पानं तयार होतात, ती गिटहब पेजेसवर, म्हणजे अशी तयार पानं दाखवणाऱ्या सेवेवर ठेवा. फोडायला काही उरतच नाही.

कानामात्रा
म्हणजे जिला वर्डप्रेस जड जाईल, तिला टर्मिनल उघडायला सांगू? प्रवासात फोनवरून एक वेलांटी दुरुस्त करायची झाली तर गिट शिकवू?

रात्रपाळी
फोनवरून गिटहबच्या पानावर फाइल दुरुस्त करता येते. पण हो, प्रतिक्रियांची सोय बाहेरून आणावी लागते, आणि फोटो बरेच असतील तर गिटहब पेजेसवर साइटला एक जीबीची मर्यादा आहे. झाडांचे फोटो म्हणालात, तिथे माझा मुद्दा लंगडा पडतो.

अर्धविराम
तुम्ही तिघं घराच्या विटांवर भांडताय. आडरानात वाडा बांधून रोज दिवे लावले तरी बघायला कोण येणार?

मी आठ महिने स्वतःच्या वर्डप्रेसवर लिहिलं. भेटी देणाऱ्यांत मी, माझी बहीण आणि सर्च इंजिनचे यंत्रमानव. सबस्टॅकवर आल्यावर लेख थेट वाचकाच्या ईमेलमध्ये पडायला लागला आणि लोक उलट उत्तरं लिहायला लागले. सशुल्क केलं तर सबस्टॅक दहा टक्के घेतं, फुकट ठेवलं तर काही नाही. आणि तुम्हा सगळ्यांना मालकीची इतकी काळजी आहे म्हणून सांगते: सबस्क्रायबरांची यादी ईमेल पत्त्यांसकट उतरवून घेता येते. वाचकांचे पत्ते माझ्याकडे आहेत, म्हणजे उद्या सबस्टॅक बुडालं तरी दुसऱ्या दिवशी मी त्यांना लिहू शकते. जुनी_वही, तुमच्या वाचकांचे पत्ते आहेत तुमच्याकडे?

जुनी_वही
नाहीत. हे लागलं.

कानामात्रा
मला नाही लागलं, कारण ईमेलची सोय वर्डप्रेसला जोडता येते. घोस्ट या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर न्यूजलेटर आतच आहे, शिवाय कोडही खुला आणि चालवणारी संस्था ना-नफा. सबस्टॅकची माझी तक्रार दुसरी आहे. तिथे लेख पहिल्या दिवशी वाचला जातो आणि मग खाली बुडतो. झाडांच्या नोंदी वर्तमानपत्रासारख्या नसतात. कुणीतरी तीन वर्षांनी "पानांवर पांढरे ठिपके" असं शोधत येतं, त्याला ते पान सापडलं पाहिजे.

मीडियमचा विषयच नको. ब्लॉगर काढणाऱ्यांतल्याच इव्हान विल्यम्सने 2012 मध्ये काढलं, लिहायला देखणं, वाद नाही. पण स्वतःचं डोमेन जोडण्याची सोय 2017 मध्ये नव्या लोकांना बंद केली, 2021 मध्ये परत आणली. अशा धरसोडीवर कोण पत्ता छापून देईल?

वेलांटी
आतापर्यंत कुणीच देवनागरीबद्दल बोललं नाही, आणि रोजचा त्रास तर तिथेच आहे.

एक, लेखाचा पत्ता. ब्लॉगर शीर्षकातून पत्ता बनवतं तेव्हा देवनागरी अक्षरं गाळून टाकतं. सगळं शीर्षक मराठी असेल तर हाती काहीच उरत नाही, म्हणून पत्ता होतो नुसता "ब्लॉग-पोस्ट", पुढचा "ब्लॉग-पोस्ट अधोरेखा अमुक". शंभर लेख झाले की कुठला कुठला, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. वर्डप्रेस उलटं करतं, अक्षरं ठेवतं, पण दुवा दुसरीकडे चिकटवला की प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा-अनुस्वार नऊ नऊ चिन्हांचा होतो. "पिंपळ" एवढ्याशा शब्दाची 45 चिन्हं, मोजून पाहा. त्यात वर्डप्रेसची मर्यादा अशा 200 चिन्हांची, म्हणजे काना-मात्रा धरून साधारण बाविसाव्या अक्षरानंतर शीर्षकाचं शेपूट तुटतं. दोन्हीकडे उपाय एकच: प्रकाशित करण्याआधी पत्ता रोमन लिपीत हाताने टाकायचा. नंतर बदलला तर जुने दुवे तुटतात.

दोन, थीम. रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत अंतर सोडलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतात. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) दोन ओळी बदलल्या की काम होतं, पण ते बदलू देणारी जागा हवी. ब्लॉगर देतं, स्वतःचं वर्डप्रेस देतं. मीडियम नाही देत. माझ्यापुरता निकाल तिथेच लागतो.

जुनी_वही
ब्लॉग-पोस्टचं अगदी खरं. माझे 2008 ते 2012 चे सगळे तसेच आहेत, आणि आता बदलले तर जुने दुवे तुटतील.

मधला मार्ग सुचवू का? डोमेन स्वतःचं, जागा ब्लॉगरची. ब्लॉगर ते फुकट जोडू देतं. होस्टिंगची कटकट नाही, आणि उद्या हलायचं झालं तर पत्ता आपल्याबरोबर.

वेलांटी
चांगला आहे, पण तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. डोमेन जोडलं की ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता वाचकाला तिकडे ढकलतो. डोमेनची मुदत संपली आणि सेटिंगमध्ये जाऊन कुणी ते काढलं नाही, तर जुना पत्ताही मेलेल्या दारावर नेऊन सोडणार. 2011 नंतर न लिहिलेल्या तुमच्या त्या मैत्रिणीने डोमेन जोडलं असतं तर आज तिचा ब्लॉग उघडला नसता.

जुनी_वही
हं. याचा विचार केला नव्हता.

अर्धविराम
मग लॉगिनचा कागद घरात कुणाकडे तरी देऊन ठेवायचा. बँकेचा देतोच ना.

रात्रपाळी
एक विचारतो, राग मानू नका. कानामात्रा, तुम्ही "केव्हाही उचलून नेता येतं" म्हणता. शेवटचा बॅकअप उघडून कधी पाहिलात? घेतलात कधी ते नाही विचारत. कोऱ्या जागी टाकून, चालू करून.

कानामात्रा
खरं सांगायचं तर कधीच नाही. आज रात्री करतो.

कानामात्रा
केलं. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्टची फाइल घेतली, लॅपटॉपवर कोरं वर्डप्रेस टाकलं, त्यात ती ओतली. लेख सगळे आले, प्रतिक्रिया आल्या, तारखाही बरोबर. फोटोही दिसले. रात्री साडेबाराला इथे येऊन मिशीला पीळ देणार होतो.

मग सहज वायफाय बंद करून पान पुन्हा उघडलं, तर सगळे फोटो गायब, नुसत्या रिकाम्या चौकटी. त्या फाइलमध्ये फोटो नसतातच, त्यांचे पत्ते असतात. "माझ्या" प्रतीतले फोटो इतका वेळ जुन्या साइटवरूनच येत होते. आयात करताना "जोडलेल्या फाइली उतरवून घ्या" अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण करायची राहिली होती. आता अपलोडचा अख्खा फोल्डर वेगळा उतरवून घेतोय, अजून चालूच आहे.

रात्रपाळी
वायफाय बंद करून पाहिलंत, हे निम्मे लोक करत नाहीत. डेटाबेसचीही प्रत घ्या, विजेट आणि थीमची सेटिंगं एक्स्पोर्टमध्ये येत नाहीत.

कानामात्रा
घेतो. अवांतर: ज्या मैत्रिणीसाठी धागा काढला तिने तो वाचलाच नाही. काल रात्री ब्लॉगरवर ब्लॉग काढून पहिली पोस्ट टाकून मोकळी. वडाच्या पारंब्यांवर आहे, सुंदर लिहिलंय. पत्ता आहे "ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल".

वेलांटी
दुसरी टाकायच्या आत फोन करा तिला!