मदत हवी आहे: अ‍ॅम्प बदलू की आधी खोली सुधारू?

नमस्कार मंडळी,

गाणी ऐकण्याचा नाद जुनाच, पण हल्ली तो हाताबाहेर चाललाय. थ्री-वे टॉवर स्पीकर आहेत, बऱ्यापैकी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (सगळं एकाच डब्यात असलेला अ‍ॅम्प्लिफायर) आहे, आणि डोक्यात मोनोब्लॉक (दर स्पीकरला स्वतंत्र अ‍ॅम्प), वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा), मनगटाएवढ्या जाड केबल असलं काय काय घोळतंय.

खोली १४ फूट लांब, ११ फूट रुंद, १० फूट उंच. स्पीकर एका आखूड भिंतीला जवळजवळ चिकटून, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. फरशी उघडी. उजवीकडे मोठी काचेची खिडकी, डावीकडे कोरी भिंत.

तक्रार बेसची. बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर लागला की सोफ्यावर बसलेल्याच्या पोटात ढोल वाजतो, पण त्याच्या लगेच वरचे दोन-तीन सूर नुसते पुटपुटतात. गंमत म्हणजे उठून खोलीच्या मध्यावर गेलं की तो घुमणारा सूर जवळपास नाहीसाच होतो. शिवाय टाळी वाजवली की पाठोपाठ 'झिंग्ग' असा पत्र्यासारखा आवाज येतो.

विक्रेत्याचं म्हणणं, अ‍ॅम्पची स्पीकरवर पकड नाही, मोनोब्लॉक घ्या. मित्राचं म्हणणं, खोली सुधार. घरच्यांचं म्हणणं, दोघांचंही ऐकू नकोस. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. पैसे एकदाच घालायचे आहेत. आणि खोली सुधारायची म्हणजे नक्की काय करायचं? भिंतीभर फोम चिकटवायचा का?

प्रतिसाद १

घरच्यांशी सहमत. +१
(बाकी वाचतोय, माझंही हेच दुखणं आहे.)

प्रतिसाद २

सूर सोफ्यावर घुमतो आणि मध्यावर गायब होतो, यातच निदान आहे. दोष अ‍ॅम्पचा असता तर तुम्ही कुठे उभे आहात हे बघून तो वाजला नसता.

हिशोब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे २८ ने भागा. उत्तर ४० हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ४१.२ हर्ट्झचा सूर येतो. म्हणजे तुमच्या खोलीची लांबी नेमकी त्याच सुराला साथ देते. समोरासमोरच्या दोन भिंतींत ही लहर जाऊन-येऊन अडकते. भिंतीपाशी तिचा दाब सगळ्यात जास्त, मध्यावर जवळपास शून्य. आणि तुम्ही स्पीकर एका टोकाला, कान दुसऱ्या टोकाला ठेवलेत. याहून जास्त घुमवायचं म्हटलं तर कोपऱ्यात जाऊन बसावं लागेल.

वरचे सूर का पुटपुटतात तेही यातच आहे. रुंदीचा आकडा येतो ५१ हर्ट्झ. तुम्ही रुंदीच्या मधोमध बसत असणार, सगळेच बसतात, आणि तिथे त्या लहरीचा दाब नसतोच. त्यामुळे ४० चा डोंगर आणि त्याला लागून दरी.

असा प्रकार किती वरपर्यंत चालतो, याचा अंदाज जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांच्या सूत्रावरून बांधता येतो. एवढ्या खोलीसाठी तो २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्या खाली तुम्ही बरीचशी खोली ऐकता, वर मुख्यतः स्पीकर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात खरं, पण तुमचं अंगण खरोखरच वाकडं आहे.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादातल्या हिशोबाशी सहमत, पण यातून 'स्पीकर काहीही चालतील, खोलीच सर्वस्व' असा अर्थ कुणी काढू नये. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि मग हार्मन या ऑडिओ कंपनीत वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. समोरून सपाट प्रतिसाद देणारे (म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोराने वाजवणारे) आणि बाजूंनाही तसाच सुसंगत आवाज फेकणारे स्पीकर लोकांना पुन्हा पुन्हा आवडले. मधल्या आणि वरच्या पट्टीत आपला कान खोलीला बराच सरावतो. तुम्ही बैठकीत बोलला काय आणि जिन्यात बोलला काय, ओळखीचा माणूस आवाज ओळखतोच. खालच्या पट्टीत मात्र हा सराव कामाला येत नाही.

म्हणून भिंतीभर फोम हा सगळ्यात वाईट उपाय. ४० हर्ट्झची लहर २८ फूट लांब असते, दोन इंची फोमला ती दाद देत नाही. तो फक्त वरची पट्टी खातो. मग खोली मुकी होते आणि घुमणं जिथल्या तिथे. अंड्यांचे ट्रे तर विचारूच नका. त्यांच्याबद्दल ही अफवा कुणी सोडली देव जाणे.

मोनोब्लॉकचं म्हणाल तर वॉट दुप्पट केले की मिळतात ३ डेसिबल. तुमच्या ४० हर्ट्झच्या डोंगराची उंची याहून किती तरी जास्त असणार. आणि जास्त वॉट दिले तर तो डोंगरही तेवढाच वाढेल! केबल पुरेशी जाड तांब्याची असली की विषय संपला.

प्रतिसाद ४

थोडं अवांतर. खोलीचं हे शास्त्र सुरूच झालं ते उशांवरून. १८९५ मध्ये हार्वर्डचं फॉग व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा रात्री आणून तिथे मांडल्या, ऑर्गनचा एक पाइप वाजवला आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. उशा वाढवत न्यायच्या, पुन्हा मोजायचं. त्यातून निनादाचं सूत्र निघालं आणि पुढे १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल त्याच्या आधाराने बांधला गेला. उशा उसन्या होत्या, उजाडायच्या आत परत जायच्या.

दुसरं टोक म्हणजे व्हर्जिनियातले केन फ्रिट्झ. जगातली सर्वोत्तम ध्वनियंत्रणा घरीच बनवायची म्हणून आयुष्याची कित्येक दशकं घातली. पण त्यांनीही घराला जोडून खास ऐकण्यासाठी भलीमोठी खोली बांधली. २०२२ मध्ये ते गेले, नंतर यंत्रणा सुटी-सुटी विकली गेली आणि घातलेल्या पैशाचा अगदी थोडा भाग परत आला. हौसेला मोल नाही हे मान्य, पण फेरविक्रीत ते फार जाणवतं.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून सोफा भिंतीपासून साडेतीन फूट पुढे ओढला. ढोल बराच शांत झाला, घरच्यांनीही मान्य केलं. पण आता दुसरीच पंचाईत. घुमणं कमी झालं तरी मधला बेस पोकळ वाटतो, ड्रमचा ठोका बसतच नाही. आणखी पुढे ओढायला जागा आहे, पण दाराची वाट अडते. आणि त्या 'झिंग्ग'चं काय?

प्रतिसाद २

साडेतीन फूट म्हणजे १४ चा बरोब्बर चौथा हिस्सा. लांबीची दुसरी लहर ८० हर्ट्झची, आणि तिची दरी नेमकी तिथेच असते. सोफा फूटभर मागे किंवा पुढे करून बघा. काही जण लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा म्हणतात, ती सुरुवातीची जागा समजा, नियम नव्हे. स्पीकरही भिंतीपासून थोडे थोडे पुढे घ्या, पण दर वेळी ऐकून. भिंतीपासून दोन फुटांवर आणले तर परत आलेली लहर १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाज खोडते.

'झिंग्ग' म्हणजे काच आणि कोरी भिंत यांच्यातली टोलवाटोलवी. दोन्हींपैकी एका बाजूची जिरवली तरी पुरे. खिडकीला भरपूर चुण्यांचा जाड पडदा, किंवा डावीकडच्या कोऱ्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, पुस्तकं कमी-जास्त खोलीवर ठेवलेली. फरशीवर स्पीकर आणि सोफा यांच्या मध्ये जाड गालिचा टाका. आवाज शोषणारं पॅनेल कुठे लावायचं हे शोधायला तुम्ही सोफ्यावर बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की ती जागा. पॅनेल रॉकवूलचं (दगडी लोकरीचं), किमान चार इंच जाड, मागे तेवढीच पोकळी सोडून.

प्रतिसाद ५

मोनोब्लॉकचे पैसे तूर्त राखून ठेवा आणि मोजायचा माईक घ्या. यूमिक-१ सारखा यूएसबी माईक आणि रूम इक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. इक्यूने (म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीने) डोंगर कापता येतात, दऱ्या भरता येत नाहीत. दरीत लहर स्वतःलाच खोडत असते, तिथे कितीही ताकद ओता, अ‍ॅम्प आणि स्पीकर दमतील, बाकी काही होणार नाही.

एवढं करूनही बेस ओबडधोबड राहिला तर मोनोब्लॉकपेक्षा दोन लहान सबवूफर (फक्त खालचा बेस वाजवणारे स्पीकर) जास्त उपयोगी पडतील. एक समोरच्या भिंतीच्या मधोमध, दुसरा पाठीमागच्या. दोघांनी ४० हर्ट्झची लहर उलटसुलट बाजूंनी ढकलली की ती बरीचशी आपोआप बसते.

पण आधी मोजा. माईक कानाच्या उंचीवर ठेवा आणि सोफ्याच्या तीन जागांवर २० ते ३०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सलग चढत जाणारा सूर) घ्या. आलेख १/१२ ऑक्टेव्ह स्मूदिंगने (बारीक खाचा गुळगुळीत करणारी सॉफ्टवेअरमधली सेटिंग) इथे टाका. सोबत खोलीचा कच्चा नकाशा, दार कुठे उघडतं तेही दाखवून. मग पॅनेल कोपऱ्यात लावायचं की पाठीमागे, ते बोलू.