एक जण सोबत असला तरी पुरतं

'लोक काय म्हणतील हे डोक्यातून काढूनच टाका' हे ऐकायला छान आहे, पण ते ठरवून होत नाही हो. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी प्रयोग केला होता, नुसती रेघांची लांबी ओळखायची, बरोबर उत्तर समोर स्वच्छ दिसतंय, पण बाकीचे सगळे ठरवून चुकीचं सांगतायत म्हटल्यावर चारातले साधारण तीन जण निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले. मात्र खरं बोलणारा एक जरी सोबती मिळाला की हे प्रमाण खूप घटायचं, आणि मला तर हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांची वाहवा नकोच, पण तोंडावर खरं सांगणारं एखादं माणूस हवंच. फोटो टाकून सारखे लाइक्स बघत बसल्याने ते मिळत नाही.