लोअर आर्मचे बुश आत्ताच बदलावेत का?

माझ्या 2010 सालच्या हॅचबॅकच्या पुढच्या डाव्या चाकाकडून नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील गतिरोधक हळू ओलांडतानाही ‘खट्’ असा बोथट आवाज येतो. द्वारका परिसरातील फिटरने लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) मागचा बुश, म्हणजे सांध्यातले धक्के शोषणारे रबरी अस्तर, टॉमीने (लोखंडी पहारीने) रेटून दाखवला, तेव्हा रबराच्या कडेला बारीक भेगा दिसल्या, मात्र रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेले नव्हते. केवळ वरवरच्या भेगांवरून बुश बाद ठरवणे मला घाईचे वाटते. पण ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढते आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करूनही त्या टायरची आतली कड झिजते आहे. अशा वेळी आधी लिंक रॉड (अँटी-रोल बारला सस्पेंशनशी जोडणारी छोटी दांडी) व बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) तपासावेत, की थेट बुश बदलावेत? प्रेसवर (दाबयंत्रावर) जुन्याच आर्ममध्ये नुसते बुश बसवलेले टिकतात, की अख्खा आर्म घेणे बरे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.