नवोदयचा उतारा : आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा?

पाचवीची_आई
मुलीला यंदा नवोदयला, म्हणजे सरकारी निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसवलंय. क्लासमध्ये शिकवतात की उतारा वाचत बसायचा नाही. आधी प्रश्न बघायचा, त्यातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, त्या ओळीशी जुळणारा पर्याय उचलायचा, पुढे पळायचं. परवा घरी एक उतारा सोडवून घेतला. पाचातले चार बरोबर. म्हटलं, आता सांग, गोष्ट कशाची होती? गप्प. वाचलीच नव्हती! दहा वर्षांच्या पोरीला आपण पैसे भरून वाचन चुकवायला शिकवतोय.

वस्तीवरचा_मास्तर
ताई, राग समजतो, पण गणितही बघा. भाषेला चार उतारे, २० प्रश्न, २५ गुण आणि वाट्याला ३० मिनिटं. म्हणजे उताऱ्यामागे साडेसात मिनिटं, त्यातच उत्तरपत्रिकेवरचे गोळे रंगवायचे. एका नवोदयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, आणि बसतो अख्खा जिल्हा. एका प्रश्नाचे सव्वा गुण, तेवढ्यावर नंबर हुकतो. माझ्या वर्गातल्या पोराचा नंबर लागला तर राहणं, जेवण, पुस्तकं सगळ्याचा खर्च सुटतो. त्याला मी युक्ती शिकवणार. वाचनाची गोडी सातवीत लागली तरी चालेल.

पाचवीची_आई
साडेसात मिनिटं कमी नाहीत हो गुरुजी, उतारा असतो केवढासा! पोर अडखळत वाचतं म्हणून वेळ पुरत नाही. अडखळणाऱ्याला वाचूच नको म्हटलं तर ते सुधारणार कधी?

निवृत्त_बाई
शब्द हुडकण्याची युक्ती सोप्या प्रश्नाला चालते. ‘योग्य शीर्षक द्या’, ‘यावरून काय समजते’ इथे ती आपटते, कारण चुकीच्या पर्यायांतही उताऱ्यातलेच शब्द पेरलेले असतात. आणि एक निराळीच चूक मी वर्षानुवर्षं पाहिली. वर्गासाठी मीच एक उतारा लिहिला होता : विहिरीला पाणी भरपूर, पण रहाट मोडलेला, म्हणून बाई ओढ्यावर गेली. प्रश्न, ती ओढ्यावर का गेली? निम्म्या वर्गाने ‘विहीर आटली होती’ हा पर्याय घेतला. आमचं गाव टँकरचं. पोरांनी कागद वाचला नाही, गाव वाचलं! त्यांना मूर्ख कसं म्हणू? पण गुण गेलेच. ‘कागदावर काय लिहिलंय, बोट ठेवून दाखव’ एवढं रोज एका उताऱ्याला केलं तरी फरक पडतो. सराव संचांचे गठ्ठे नकोत.

वस्तीवरचा_मास्तर
बाई, रहाटाचं पटलं, उद्याच करून बघतो. पण रोज बोट ठेवायला माझ्याकडे दोन वर्ग आणि मी एकटा. परीक्षा तोंडावर आली की युक्तीच हाताशी उरते. हे तुम्हाला घरी बसून बोलायला सोपं आहे, राग मानू नका.

निवृत्त_बाई
राग कसला. दोन वर्ग मीही ओढलेत. पाचवीतल्या पोरांकडून तिसरीतल्यांसमोर उतारे वाचून घ्यायचे, दोघांचं काम होतं.

पाचवीची_आई
आज पर्यायांवर पट्टी ठेवली, पूर्ण उतारा वाचायला लावला, मग प्रश्न. पाचही बरोबर, आणि गोष्टही सांगितली. पण नऊ मिनिटं लागली. गुरुजी, ही दीड मिनिटं कुठून काढू ते सांगा.