अनुभव धागा: मेन्यूबारवरच्या आपल्या छोट्या स्क्रिप्ट

घंटाघर
जुना बॅकअप आवरताना बिटबारचं फोल्डर हाती लागलं, म्हणून हा धागा. बिटबार म्हणजे मॅट रायरचं ते मॅकवरचं ॲप: फोल्डरात स्क्रिप्ट टाकायची, ती जे छापेल ते मेन्यूबारवर दिसणार. त्याचीच गो भाषेत नव्याने लिहिलेली आवृत्ती म्हणजे एक्सबार. स्विफ्टबार वेगळ्या लोकांचं, पण पद्धत तीच. जुनी प्लगिन्स, म्हणजे याच स्क्रिप्ट, दोन्हीकडे बहुतेक जशीच्या तशी चालतात.

व्याकरण एवढंच. फाइलच्या नावात वेळ लिहायची: बॅटरी.५एम.एसएच म्हणजे दर ५ मिनिटांनी. एस सेकंद, एच तास, डी दिवस. छापलेली पहिली ओळ वर पट्टीत, मग एका ओळीत फक्त तीन डॅश, त्याखालचं सगळं क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीत. ओळीच्या सुरुवातीला दोन डॅश लावले की उपमेन्यू. उभ्या रेघेनंतर रंग, लिंक, क्लिकवर काय चालवायचं ते.

चालू प्लगिन्स, अडलेल्या जागा, उपाय, सगळं लिहा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहू, टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

ताकभात
वा, हवाच होता हा धागा. आत्ता फक्त हजेरी, कुकर लावलाय. रात्री येते.

सह्यकडा
सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट आधी लिहितो. टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट झकास चालते, बारवर मात्र 'कमांड नॉट फाउंड'. कारण ॲप डॉकमधून किंवा लॉगिनला सुरू होतं, त्यामुळे टर्मिनल उघडताना वाचली जाणारी तुमची सेटिंग्जची झेडएसएचआरसी फाइल त्याने वाचलेलीच नसते. त्याला पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) मिळतो तो सिस्टीमचा मोजका. होमब्रूने (कमांड इन्स्टॉल करून देणारं साधन) घातलेली जेक्यू, नोड वगैरे त्यात नाहीत. स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत पाथ एक्स्पोर्ट करा: एम सिरीजच्या मॅकवर /ऑप्ट/होमब्रू/बिन, इंटेलवर /यूएसआर/लोकल/बिन, आणि पुढे कोलन देऊन जुना पाथ. दोन्ही मॅक वापरत असाल तर दोन्ही लिहा, नसलेलं फोल्डर पाथमध्ये असल्याने काही बिघडत नाही.

शाईदौत
+१ सह्यकडा. त्याच्याही आधीचे दोन अडथळे:
सीएचमॉड +एक्स करायला, म्हणजे फाइलला चालण्याची परवानगी द्यायला विसरणे. आणि ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलवरचा क्वारंटाइनचा शिक्का. तो एक्सॲटर -डी कॉम.ॲपल.क्वारंटाइन आणि पुढे फाइलचं नाव, असा निघतो. पण शिक्का काढण्याआधी स्क्रिप्ट उघडून पूर्ण वाचा, कृपा करून. प्लगिन तुमच्या नावाने, तुमच्या सगळ्या परवानग्यांसह चालतं. कर्लने नेटवरून उतरवलेलं थेट बॅशला पाजणारी ओळ दिसली तर सरळ सोडून द्या ते प्लगिन.

मध्यरात्र_बे_एरिया
इथे बे एरियात राहणाऱ्यांना उपयोगी: घरची, म्हणजे भारतातली वेळ. टीझेड=एशिया/कोलकाता, स्पेस, डेट, मग अवतरणात +%एच:%एम. एच आणि एम दोन्ही कॅपिटल, छोटा एम म्हणजे महिना. एका ओळीचं प्लगिन, दर ३० सेकंदांनी पुरे. मोजणी हाताने करू नका. इथलं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं, तिकडचं नाही, त्यामुळे फरक कधी साडेबारा तास, कधी साडेतेरा. टीझेडला स्वतःहून कळतं.

कैरीची_डाळ
@मध्यरात्र, हे आवडलं! आकडे देवनागरीत करता येतील का? आईबाबांच्या मॅकवर लावायचं आहे, त्यांना ११:४० असं दिसलं तर छान वाटेल.

सह्यकडा
येतात. पुढे पाइप (उभी रेघ) देऊन सेड, म्हणजे मजकूर बदलणारी कमांड, त्यात वाय कमांड: वाय, तिरकी रेघ, इंग्रजी शून्य ते नऊ, तिरकी रेघ, देवनागरी शून्य ते नऊ, तिरकी रेघ. अवतरणात घाला.

कैरीची_डाळ
टर्मिनलमध्ये जमलं. बारवर एरर येतेय, दोन्ही स्ट्रिंगची लांबी सारखी नाही म्हणून. दहाच्या दहा आकडे आहेत हो, तीनदा मोजले.

शाईदौत
कैरी, आकडे बरोबरच आहेत तुमचे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आकडा ३ बाइटचा, इंग्रजी १ बाइटचा. टर्मिनल स्वतःहून लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) लावून देतं, म्हणून तिथे सेडला दहा अक्षरं दिसतात. बारवर लोकेल नसलं की तो बाइट मोजतो, म्हणजे एकीकडे १० आणि दुसरीकडे ३०. सुरुवातीला एक्स्पोर्ट एलसी_ऑल=ईएन_यूएस.यूटीएफ-८ टाका. मराठी मजकूर छापणाऱ्या प्रत्येक प्लगिनमध्ये ही ओळ असूच दे. पाथची आणि ही, दोन्ही एकदमच चिकटवायच्या. सह्यकडाने लिहिलेल्या पाथसारखंच आहे हे, टर्मिनल जे मुकाट्याने करून देतं ते बारवर आपण करायचं.

गुळपोळी
कोणाकडे विंडोज आहे की सगळे मॅकवालेच? 🙂

घाटमाथा
लिनक्सवाले आहोत की. गनोम या डेस्कटॉपवर आर्गोस नावाचं एक्सटेन्शन आहे, बिटबारचीच पद्धत. फाइली घरच्या फोल्डरातल्या .कॉन्फिग/आर्गोसमध्ये. नावात वेळेआधी जागाही सांगता येते: एल डावीकडे, सी मध्ये, आर उजवीकडे. वेळेनंतर अधिक चिन्ह लावलं, म्हणजे १०एस+, तर मेन्यू उघडल्यावरही ताजं होतं. फक्त एक बघा, गनोम ४५ मध्ये (२०२३) एक्सटेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे त्याआधीची प्रत त्यावर चालत नाही. तुमच्या गनोमला जुळणारी प्रत घ्या.

एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर याहून सोपं. पॅनलमध्ये जेनेरिक मॉनिटर टाका, कमांड आणि सेकंद भरा, झालं. टीएक्सटी टॅगमधलं पॅनलवर दिसतं, टूल टॅगमधलं माउस नेल्यावर.

मॅकची स्क्रिप्ट उचलून इकडे आणताना मात्र पिंग आणि डेट तपासा. मॅकवर पिंग -टी २ म्हणजे दोन सेकंदांत थांब. लिनक्सवर तेच -टी म्हणजे पाकिटाने जास्तीत जास्त किती राउटर ओलांडायचे. दोनच ठेवले तर पाकीट वाटेतच मरतं आणि नेट चालू असून बंद दिसतं. लिनक्सवर थांबण्यासाठी छोटा डब्ल्यू. उद्याची तारीख मॅकवर डेट -व्ही+१डी, लिनक्सवर डेट -डी टुमॉरो.

गुळपोळी
बरं, वाचनखूण ठेवते. लेकीचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर एक्सएफसीई टाकून बघू का?

घाटमाथा
टाका की. ४ जीबी रॅम असली तरी बरं चालतं. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय लागतंय का ते बघा, मगच इन्स्टॉल.

ताकभात
आले. स्वयंपाकघराच्या टायमरवर लिहिते, कारण बऱ्याच जणी यात स्लीप वापरतात आणि फसतात. स्क्रिप्टमध्ये स्लीप ९०० लिहिलंत तर पंधरा मिनिटं स्क्रिप्ट संपतच नाही, आणि संपल्याशिवाय बारवर काहीच बदलत नाही.

उलटं करायचं. यादीत 'इडली १५ मिनिटं' अशी ओळ. त्या ओळीपुढे उभी रेघ, बॅश= अवतरणात डॉलर शून्य, म्हणजे हीच स्क्रिप्ट पुन्हा, पॅरम१=स्टार्ट, टर्मिनल=फॉल्स, रिफ्रेश=ट्रू. स्टार्ट आलं की डेट +%एस ने आत्ताचे सेकंद घ्या (इथे एस छोटा), त्यात ९०० मिळवा, तो आकडा एका फाइलीत लिहा आणि बाहेर पडा. एरवी दर ५ सेकंदांनी स्क्रिप्ट फक्त त्या फाइलीतून आत्ताची वेळ वजा करून उरलेली मिनिटं छापते. मॅक मध्येच झोपला तरी उठल्यावर हिशोब बरोबर. शून्य झालं की एएफप्ले आणि सिस्टीम/लायब्ररी/साउंड्समधला ग्लास.एआयएफएफ, मग फाइल पुसायची. पुसली नाही तर दर ५ सेकंदांनी टिंग होत राहतं.

ती फाइल प्लगिनच्या फोल्डरात ठेवू नका! तिथे पडलेलं काहीही ॲप प्लगिन समजून चालवायला बघतं. टेम्प फोल्डरात ठेवा.

कैरीची_डाळ
इडलीला १५? माझ्या पात्राला १२ पुरतात.

ताकभात
पात्र केवढं आणि पीठ किती फुगलंय त्यावर गं. थंडीत १५ ठेव.

बोरूबहाद्दर
नॉचवाल्या (स्क्रीनच्या वर मधोमध कॅमेऱ्याची काळी खाच असलेल्या) मॅकबुकवर आयकॉन जास्त झाले की उरलेले नॉचमागे गडप होतात, सूचना वगैरे काही नाही. प्लगिन चालत नाही असं वाटून लोक स्क्रिप्ट दुरुस्त करत बसतात, फार वाईट वाटतं वाचून. आधी कमांड दाबून इतर आयकॉन ओढून बघा. मॅकओएस २६ असेल तर सेटिंग्जच्या मेन्यूबार पानावर त्या ॲपला परवानगी आहे ना तेही पाहा.

आयकॉनमधलं अंतर कमी करता येतं: डिफॉल्ट्स -करंटहोस्ट राइट -ग्लोबलडोमेन एनएसस्टेटसआयटमस्पेसिंग -इंट ८. करंटहोस्टचा एच आणि डोमेनचा डी कॅपिटल. शेवटच्या लांब नावात एन, एस, मग स्टेटस, आयटम, स्पेसिंग यांची पहिली अक्षरं कॅपिटल. लॉगआउट करून परत आल्याशिवाय दिसत नाही. परत पूर्ववत करायला राइटच्या जागी डिलीट, आणि शेवटचं -इंट ८ काढून टाका.

रुंदीबद्दल: नेटचा वेग ९ वरून १०.५ झाला की शेजारचे सगळे आयकॉन सरकतात. प्रिंटएफने ठरावीक जागा द्या, %५.१एफ, आणि ओळीला फॉन्ट=मेनलो ट्रिम=फॉल्स लावा.

शाईदौत
बोरूबहाद्दर, रुंदीचं खरं. गाण्याचं नाव दाखवणाऱ्यांनीही लेंग्थ=३० लावावं. आणि नावातच उभी रेघ असेल तर? तिच्यापुढचं सगळं तो सूचना समजतो आणि नाव अर्धवट कापलं जातं. छापण्याआधी टीआरने उभ्या रेघेचं डॅश करा.

निवडुंग
डिस्कवरची रिकामी जागा डीएफ -एच या कमांडने दाखवतो, फाइंडरमध्ये वेगळीच येते. कुणाचं बरोबर?

सह्यकडा
दोघांचंही. पुन्हा मिळवता येण्यासारख्या वस्तू, उदा. टाइम मशीनचे लोकल स्नॅपशॉट, फाइंडर रिकाम्या जागेत धरतो, डीएफ धरत नाही. आणि वापरलेली जागा बघायची तर नुसती तिरकी रेघ देऊ नका, तिथे फक्त सीलबंद सिस्टीम दिसते. /सिस्टीम/व्हॉल्यूम्स/डेटा द्या.

निवडुंग
अच्छा, म्हणून सिस्टीमचा आकडा एवढासा होता. धन्यवाद. बॅटरीला काय वापरता? सिस्टीम_प्रोफायलर फार रेंगाळतो.

सह्यकडा
टक्क्यांसाठी पीएमसेट -जी बॅट. किती वेळा चार्ज झाली ते हवं तर आयओरेग -आरएन ॲपलस्मार्टबॅटरी, त्यात सायकलकाउंटची ओळ. दोन्ही झटकन येतात. सायकलचा आकडा दिवसातून एकदा बघितला तरी चालतं, १डी ठेवा. वेळ निवडताना एवढं मनात असू द्या, १एस म्हणजे दिवसाला ८६,४०० वेळा स्क्रिप्ट सुरू होणार.

मध्यरात्र_बे_एरिया
कर्ल वापरणाऱ्यांनी -एम ५ विसरू नका, नाहीतर नेट अडकलं की प्लगिनही अडकतं. शिवाय एपीआयचं टोकन (ऑनलाइन सेवेची गुप्त किल्ली) स्क्रिप्टमध्ये लिहू नका. कीचेनमध्ये (मॅकची पासवर्डची तिजोरी) ठेवा, सिक्युरिटी फाइंड-जेनेरिक-पासवर्ड -एस, तिथे दिलेलं नाव, मग -डब्ल्यू. पहिल्यांदा परवानगीची खिडकी येते. स्क्रिप्ट मित्राला पाठवली तरी गुपित सोबत जात नाही.

कॅफिनेटचं (मॅकला झोपू न देणारी कमांड) बटण कोणी केलंय का? माझं क्लिक केल्यावर तसंच लटकतं.

शाईदौत
शेवटी अँड चिन्ह दिलंय पण आउटपुट वळवलेलं नाही, असं दिसतंय. मागे गेलेली प्रक्रियाही तोच पाइप धरून बसते, तो बंद होईपर्यंत ॲप वाट बघतं. कॅफिनेट -डी, मग > /डेव्ह/नल २>&१ आणि त्यानंतर &. बंद करायला पीकिल कॅफिनेट.

मध्यरात्र_बे_एरिया
सुटलं! धन्यवाद.

कैरीची_डाळ
एलसी_ऑलने काम झालं. ०९:१५ दिसतंय वर, अगदी देवनागरीत. @ताकभात, आता टायमर लावते. १२ वरच.