लेबलला नकार देऊन एमएफ डूमसारखं टिकता येतं का?

वऱ्हाडी_बार:
राजेहो, जरा मनापासून सांगा. अमरावतीचा आहे, चार वर्षं झाली वऱ्हाडीत रॅप लिहितोय, जे केलं ते घरच्या माइकवर आणि स्वतःच यूट्यूबवर टाकलं. आता एका लेबलने, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीने, कॉन्ट्रॅक्ट पाठवलंय, पैसे बरे आहेत पण ५ वर्षांत जे करीन ते सगळं त्यांचं आणि माझं स्टेजचं नाव पण त्यांच्या मालकीचं. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, आई म्हणते सही करून टाक. माझा हात उचलत नाहीये कारण मी एमएफ डूम, म्हणजे तो मुखवटा घालून गाणारा न्यूयॉर्कचा रॅपर, ऐकूनच लिहायला लागलो, त्याचा मुखवटा अजून माझ्या भिंतीवर आहे. पण त्याची घरपट्टी, किराणा कशावर चालायचं हे मला कधी कळलंच नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा प्लीज.

जुनी_कॅसेट:
भावा, आधी हे लक्षात घे की डूमची सुरुवात मोठ्या लेबलवरच झाली होती. तेव्हा त्याचं स्टेजचं नाव झेव लव्ह एक्स, धाकटा भाऊ सबरॉक बरोबर, ग्रुप केएमडी, १९९१ ला इलेक्ट्राने पहिला अल्बम काढला. १९९३ मध्ये दुसरा अल्बम संपत आलेला असताना भाऊ रस्त्यावर गाडीखाली गेला. ह्याने एकट्याने तो अल्बम पूर्ण केला आणि पुढच्या वर्षी कव्हरवरच्या चित्रावरून वाद झाला म्हणून लेबलने अल्बमही थांबवला आणि ह्यालाही काढलं. म्हणजे भाऊ गेला, काम गेलं, नाव गेलं. त्यानंतर काही वर्षं त्याला कोणी विचारत नव्हतं, मॅनहॅटनमध्ये बाकावर झोपायची वेळ आली हे त्याने नंतर स्वतः सांगितलंय. १९९७-९८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत ओपन माइकला चेहऱ्यावर बायकांचे स्टॉकिंग ओढून उभा राहायला लागला, मुखवटा नंतर आला. बॉबिटो गार्सिया नावाचा रेडिओवाला होता, त्याच्या छोट्याशा फॉन्डल एम लेबलने आधी सिंगल्स काढल्या आणि १९९९ ला 'ऑपरेशन डूम्सडे'. तू ज्याला सुरुवात समजतोस ते त्याचं दुसरं आयुष्य आहे रे. मला तो अल्बम आजही सलग ऐकवत नाही, मध्ये थांबावं लागतं.

बीटवाला_नाशिक:
पैशाचं मी सांगतो कारण मी बीट, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत, विकून घर चालवतो आणि त्याचा हा भाग मी नीट बघितलाय. त्याने एका कोणाला सगळं कधी दिलंच नाही. २००३ मध्ये किंग गिडोरा नावाने लंडनच्या बिग डाडाकडे एक अल्बम, त्याच वर्षी व्हिक्टर व्हॉन नावाने साउंड-इंककडे दुसरा, २००४ ला मॅडलिब नावाच्या बीटवाल्याबरोबर मॅडव्हिलन म्हणून लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रोकडे, आणि परत त्याच वर्षी डूम म्हणून मिनियापोलिसच्या ऱ्हाइमसेयर्सकडे. नाव वेगळं, पात्र वेगळं, करार वेगळा. एक लेबल बुडालं किंवा फिरलं तरी बाकीचं चालू. शिवाय नुसत्या बीट्सची 'स्पेशल हर्ब्स' सिरीज वेगळी, ज्यात एक ओळ न म्हणता माल विकला जायचा आणि तेच बीट दुसऱ्यांच्या गाण्यांतही यायचे. आता तुझ्या कॉन्ट्रॅक्टमधलं नावाचं कलम परत वाच. ५ वर्षांची गाणी गेली तर माणूस नवीन लिहितो, पण नाव गेलं तर तू अमरावतीच्याच गणपतीत काय म्हणून उभा राहणार? माझ्या मते पैशापेक्षा ते कलम घातक आहे.

दूरदेशी_लीड्स:
मी लीड्सला राहतो, नोकरीनिमित्त. बीटवाल्यांचं पटलं पण दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे कारण ह्याच्या घरी रिटायरमेंट आलीये. डूमचा जन्म लंडनचा, १९७१, लहानपणीच न्यूयॉर्कला गेला, तिकडेच वाढला पण अमेरिकन नागरिकत्व कधी झालंच नाही. २०१० ला युरोपचा दौरा करून परत जाताना त्याला आत घेतलं नाही. घर तिकडे आणि माणूस इकडे. मोठी कंपनी मागे असती तर कागद कोणीतरी वेळेत बघितले असते असं मला नेहमी वाटतं, खात्रीने नाही सांगू शकत. आणि शोला स्वतःऐवजी दुसऱ्याला मुखवटा घालून पाठवायचा हे मला अजिबात आवडलं नाही, तिकीट काढून आलेल्या पोरांचा तो अपमान होता, स्वतंत्र आहेस म्हणून ऐकणाऱ्याला फसवायची सूट मिळत नाही. ३१ ऑक्टोबर २०२० ला तो ह्याच शहरात गेला, बीपीच्या औषधाची रिॲक्शन, वय ४९, आणि जगाला कळलं ३१ डिसेंबरला. दोन महिने आम्ही इथे त्याची गाणी लावून कामावर जात होतो. ते अजून मनातून जात नाही.

कागदपत्र_ताई:
वऱ्हाडी, सही करायच्या आधी एवढं वाच. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गाणं लिहिणाऱ्याचा आणि संगीत करणाऱ्याचा रॉयल्टीतला समान वाटा कोणाला लिहून देताच येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून. कॉन्ट्रॅक्टमध्ये 'सर्व रॉयल्टी कायमची सोडली' असं असेल तर ते टिकत नाही. आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचा, मेंबर हो, लेखक म्हणून तुझं नाव प्रत्येक गाण्यावर नोंदव, जुन्या गाण्यांवर पण. पण रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा हक्क वेगळा असतो, तो मात्र सहीबरोबर जाऊ शकतो, तिथे सांभाळ. आणि एखाद्या वकिलाला दाखव, दोन-तीन हजार जातील पण जाऊ दे.

वऱ्हाडी_बार:
सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचं तर प्रिंट काढून बाबांना वाचायला दिलं. भाऊ गेल्यावर त्याने एकट्याने अल्बम संपवला हे मला माहीत नव्हतं, रात्री परत लावून बसलो. आज लेबलला मेल टाकला, नाव माझ्याकडे राहील, करार एका अल्बमपुरता आणि जुनी गाणी त्यात धरायची नाहीत. बाबा म्हणाले, लेबलवाले नाही म्हणाले तर एक वर्ष बघू, तोवर काकांच्या दुकानात बसत जा. मेलचं उत्तर आलं की इथेच लिहितो.