मदत हवी आहे: १९५४ चा रग्बी लीग वर्ल्ड कप

मंडळी, रग्बी लीगचा पहिला वर्ल्ड कप १९५४ ला फ्रान्समध्ये झाला ना, टीम चारच, फ्रान्स, ग्रेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड (हा १३ जणांचा खेळ हां, १५ वाला युनियन वेगळा, माझाच आधी घोळ झालेला). टुलूझला ब्रिटन-फ्रान्स मॅच १३-१३ अशी बरोबरीत सुटली, शेवटी दोघांचे पॉइंट पण सारखे आणि मग पॅरिसला पार्क दे प्रॅन्सवर ब्रिटनने १६-१२ ने कप मारला, कॅप्टन डेव्ह व्हॅलेंटाइन, तो तर स्कॉटिश! आता भाचा विचारतोय, ही पॅरिसची मॅच फायनल म्हणून आधीच ठरलेली की पॉइंट सारखे झाले म्हणून खेळवली? आणि त्या मॅचचं जुनं फुटेज कुठे बघायला मिळेल? कुणी पाहिलं असेल तर प्लीज सांगा, पोरगं रोज डोकं खातंय.